टाके सुकल्यानंतरची जबाबदारी

कल्याणच्या जुन्या बाजारपेठेत भांड्यांचे दुकान असलेले एक ओसवाल कुटुंब डोंबिवली पूर्वेला राहते. दुकान तिसऱ्या पिढीचे, घरही एकत्र. काही वर्षांपूर्वी या घरात नात जन्माला आली. दोन मुलांनंतर घरात आलेली ती पहिली मुलगी. आजोबांनी त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येक नोकराला एकेक पातेले भेट दिले होते.

दीड महिन्याच्या लसीला नेले तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी छातीला लावलेली नळी नेहमीपेक्षा जास्त वेळ उचलली नाही. हृदयाच्या ठोक्यांत एक वेगळा आवाज येत होता. टूडी इको केल्यावर निदान पक्के झाले. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र होते. मग घरातल्यांना मागच्या गोष्टी आठवू लागल्या. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम येई, दोन घोट घेऊन ती थकून थांबे, वजन वाढत नव्हते. आजी म्हणत असे, ‘बांधाच नाजूक आहे, आपल्या घरात सगळे असेच.’ तो बांधा नव्हता, ते थकलेले हृदय होते.

छिद्र आपोआप बुजण्यासारखे नव्हते. पाचव्या महिन्यात मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पडद्यावर ठिगळ शिवले गेले. आठव्या दिवशी मुलगी घरी आली, आणि व्यवहार पूर्ण झाला असे सर्वांना वाटले.

व्यापाऱ्याला खरे तर हे वेगळे सांगावे लागू नये. माल गोदामातून निघाला म्हणजे व्यवहार पुरा होत नाही. माल पोहोचावा लागतो, रक्कम वसूल व्हावी लागते, खाते मिटावे लागते. शस्त्रक्रिया ही अशीच मधली पायरी असते. पण आनंदाच्या भरात हिशेबी माणूसही शेवटचे पान पाहायचे विसरतो.

घरी सोडताना रुग्णालयातील परिचारिकेने बाळाच्या आईला अर्धा तास समोर बसवून सगळे समजावून सांगितले होते. पाहुणे किती, हात केव्हा धुवायचे, ताप कसा मोजायचा, जखम कशी पाहायची, काही वाटले तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे सारे एका कागदावर छापलेले होते. त्या वेळी आजोबा बिलाच्या खिडकीपाशी होते. घरी आल्यावर त्यांनी सगळी फाइल, ‘महत्त्वाचे कागद आहेत,’ म्हणून, दुकानाच्या दस्तऐवजांबरोबर तिजोरीत ठेवली. तो कागदही तिच्यातच गेला.

त्यानंतरचे सहा दिवस घर पाहुण्यांनी भरलेले होते. ठाण्याहून, भिवंडीहून, थेट नगरहून नातलग आले. येणारा प्रत्येक जण प्रेमानेच येत होता. लोकलच्या गर्दीतून आलेले हात बाळाच्या गालाला लागत होते. एका मुलाला सर्दी होती, तोही वाकून तिचा पापा घेऊन गेला. सून दारापाशी उभी राहून हे पाहत होती. ‘आधी हात धुता का?’ हे चार शब्द तिच्या ओठांवर येत आणि तिथेच राहत. मोठ्या घरात सुनेने पाहुण्यांना हात धुवायला सांगावे, हे तिला स्वतःलाच उद्धटपणाचे वाटत होते.

सातव्या दिवशी ताप आला. आजी म्हणाली, दात येत असतील. चुलत दिराचे त्याच भागात औषधाचे दुकान. तो संध्याकाळी येताना प्रतिजैविकाचे पातळ औषध घेऊन आला.

‘भाऊजी, एकदा हॉस्पिटलात विचारून मग देऊ या का?’ सुनेने विचारले.

‘वहिनी, साधा ताप आहे. एवढ्यासाठी मुंबईला फोन कशाला? रोज शंभर मुलांना हेच औषध जाते,’ तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात काळजी होती, लबाडी नव्हती.

दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी औषध बंद झाले. पाचव्या दिवशी ताप परत आला. या वेळी जखमेचे खालचे टोक लाल दिसत होते आणि झबल्यावर पिवळसर डाग होता. सुनेने कोणाला काही न विचारता तिजोरीची किल्ली मागितली, फाइल काढली आणि कागदावरचा क्रमांक फिरवला. पलीकडून एवढेच सांगण्यात आले, ‘आत्ताच्या आत्ता या. आणि जे औषध दिले त्याची बाटली बरोबर आणा.’ रात्री साडेनऊला निघालेली गाडी शीळफाट्याच्या कोंडीत अडकली, तेव्हा मागच्या आसनावर कोणी कोणाशी बोलत नव्हते.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर लहान मुलांना संसर्गाची भीती इतकी का असते, हे समजून घेणे प्रत्येक घराला शक्य आहे. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.

पहिले कारण शस्त्रक्रियेच्या पद्धतीतच आहे. हृदय उघडून काम करायचे तर काही काळ ते थांबवावे लागते. तेवढ्या वेळात रक्त हृदय-फुफ्फुस यंत्रातून फिरवले जाते. नळ्यांच्या परक्या पृष्ठभागावरून रक्त गेले की शरीराची संरक्षणव्यवस्था आधी खवळते आणि मग काही दिवस मंदावते. यंत्रावरचा वेळ जितका जास्त, तितका हा परिणाम मोठा. दुसरे कारण फारसे कोणाला माहीत नसते. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात, थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी तिथे तयार होतात. तान्ह्या बाळांत ती इतकी मोठी असते की हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यविशारदाला तिचा काही भाग, कधी बहुतेक सर्व भाग, काढावा लागतो. बहुसंख्य मुले यातून सावरतात, पण काळजीचे दिवस त्यामुळे आणखी नाजूक होतात.

तिसरे कारण म्हणजे शरीरात शिरलेल्या नळ्या. श्वासाची नळी, मोठ्या शिरेतील नळी, लघवीची नळी, छातीतील पाणी बाहेर काढणारी नळी. त्यांतली प्रत्येक नळी जीवनावश्यक असते आणि प्रत्येक नळी जंतूंना उघडे दारही असते. म्हणून चांगल्या अतिदक्षता विभागात रोज सकाळी विचारले जाते, ‘ही नळी आज खरोखर लागणार आहे का?’ गरज संपलेली नळी त्याच दिवशी निघाली पाहिजे. चौथे कारण बाळाचे पोषण. हृदय थकलेले असल्याने मूल पुरेसे दूध पिऊ शकत नाही, वजन घटलेले असते, आणि कुपोषित शरीरात जखम उशिरा भरते. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेली नवजात बाळे आणि सूज ओसरेपर्यंत छाती काही दिवस उघडी ठेवावी लागलेली मुले यांची जोखीम सर्वांत मोठी.

जंतूही दोन ठिकाणचे असतात. काही आपल्याच त्वचेवर आणि नाकात नेहमी राहणारे, तर काही रुग्णालयात वाढलेले. भारतातील अतिदक्षता विभागांत क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू आढळतात आणि नेहमीच्या औषधांना ते सहजासहजी दाद देत नाहीत. त्यांना असे हट्टी बनवण्यात आपल्या सर्वांचा थोडाथोडा वाटा आहे.

त्या रात्री रुग्णालयात पोहोचल्यावर रक्ताचे आणि जखमेतील स्रावाचे नमुने घेतले गेले. प्रयोगशाळेत असे नमुने पोषक द्रवात ठेवून जंतू वाढवतात. जंतू वाढला की त्याचे नाव कळते आणि कोणते औषध त्याच्यावर चालते तेही कळते. या मुलीच्या नमुन्यात काहीच वाढले नाही. अडीच दिवसांच्या त्या पातळ औषधाने जंतू मेले नव्हते, पण प्रयोगशाळेत वाढण्याइतके सशक्तही राहिले नव्हते. चोर घरातच होता, फक्त त्याची ओळख पटवणारी खूण पुसली गेली होती.

ओळख न पटल्यामुळे डॉक्टरांना अनेक जंतूंना पुरून उरणारी जड औषधे शिरेतून द्यावी लागली. संसर्ग छातीच्या हाडापर्यंत पोहोचला होता. जखम पुन्हा उघडून आतून स्वच्छ करावी लागली. जे मूल आठ दिवसांत घरी आले होते, त्याला या दुसऱ्या फेरीत पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांतल्या दोन रात्री अशा गेल्या, की सकाळ होईल की नाही याची खात्री कोणीच देत नव्हते. खर्चाचा आकडा पहिल्या बिलापेक्षा मोठा होता. आजोबांनी तो कोणाला सांगितला नाही.

मुलगी वाचली. जखमेखाली शिवलेले ठिगळ जागेवर राहिले.

हृदयशल्यक्रियेच्या इतिहासाशी या भागाचा एक जुना धागा जुळतो. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणमध्ये एक मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले, चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. योग्य उपचार मिळाले असते तर, या विचाराने ती वैद्यकाकडे वळली आणि १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी झाली. त्या डॉ. आनंदीबाई जोशी. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, क्षयाच्या संसर्गाने त्यांचे निधन झाले. त्याच फिलाडेल्फियात ६ मे १९५३ रोजी डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधाराने जगातील पहिली यशस्वी खुली हृदयशस्त्रक्रिया केली. अठरा वर्षांच्या तरुणीच्या हृदयातील छिद्र बंद झाले. यंत्राने तिचे हृदय आणि फुफ्फुसे यांचे काम २६ मिनिटे सांभाळले होते.

मुंबईही मागे राहिली नाही. परळचे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. एका व्यापारी घराण्याच्या दानातून हे महाविद्यालय उभे राहिले, आणि तिथे भारतीय डॉक्टरच नेमावेत अशी त्या दानाची अट होती. त्याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. जगातील पहिल्या हृदयारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. व्यापाऱ्याचे दान किती दूर पोहोचू शकते, याचे हे उदाहरण आपल्या पिढीने विसरू नये.

मात्र शल्यक्रिया कितीही पुढे गेली, तरी जंतूंशी लढण्याचे पहिले शस्त्र आजही १८४७ सालचेच आहे. त्या वर्षी व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेल्वाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्यांच्या समकालीनांना ते पटले नाही. प्रतिष्ठित माणसाचे हात अस्वच्छ असू शकतात, हे ऐकून घेणे त्यांना जड गेले. डोंबिवलीच्या त्या घरातही नेमके हेच जड गेले होते.

अलीकडचा अनुभवही हेच सांगतो. २००८ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयाच्या पुढाकाराने विकसनशील देशांतील बालहृदयशल्य केंद्रांचा एक सहकार्य उपक्रम सुरू झाला. भारतातील केंद्रेही त्यात सामील झाली. महागडी यंत्रे वाटणे हा त्याचा मार्ग नव्हता. शस्त्रक्रियेच्या वेळची सुरक्षित पद्धत, संसर्ग रोखण्याची शिस्त आणि परिचारिकांना मानाने बोलण्याचा अधिकार, या तीन गोष्टींवर त्याचा भर होता. २०१४ मध्ये १७ देशांतील २८ केंद्रांचा अनुभव प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि मोठे संसर्ग दोन्ही कमी झाले होते. ‘सर, आपण हात धुतले नाहीत,’ असे परिचारिका ज्या विभागात निर्भयपणे म्हणू शकते, तिथली मुले अधिक सुरक्षित असतात. जे रुग्णालयाला लागू, ते घरालाही लागू.

म्हणून ज्या घरात असे मूल परत येणार आहे, त्या घराने काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात.

पहिले काही आठवडे पाहुणे नकोत. ज्यांना भेटायचेच आहे त्यांनी फोनवर पाहावे. घरातले सोडून कोणी मुलाला उचलू नये, आणि घरातल्यांनीही हात साबणाने धुतल्याशिवाय उचलू नये. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने, मग तो घरचा कर्ता असला तरी, दुसऱ्या खोलीत राहावे. छातीचे हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर मुलाला काखेत हात घालून उचलू नये, एक हात मानेखाली आणि दुसरा बुडाखाली घेऊन उचलावे.

जखमेवर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज काहीही लावू नये. हळद नको, तेल नको, पावडर नको. गुरुमहाराजांच्या आशीर्वादाचा वासक्षेप श्रद्धेने डोक्यावर घ्यावा, पण त्याचा कण छातीच्या पट्टीवर जाऊ देऊ नये. जखम रोज एकाच वेळी, चांगल्या उजेडात पाहावी. लाली वाढणे, सूज, ओल, पू, टाक्यांची कड उघडणे, श्वासाबरोबर छातीचे हाड हलल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर फोन करावा.

तापमापक घरात हवाच. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, दूध पिणे कमी होणे, नेहमीपेक्षा जास्त झोप किंवा न थांबणारी रडारड, वेगाने श्वास, ही सारी त्याच दिवशी कळवण्याची लक्षणे आहेत. फार लहान बाळाला संसर्गात ताप येतोच असे नाही, म्हणून दूध न पिणे हेही तापाइतकेच गंभीर मानावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूला विचारल्याशिवाय प्रतिजैविकाचा एक थेंबही देऊ नये.

आपल्या समाजात औषधविक्रीचा व्यवसाय करणारी घरे कमी नाहीत. त्यांच्यावर इथे विशेष जबाबदारी येते. प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, हा नियम जुना आहे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली. तिच्यातील औषधे देताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळ्या नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. अनेकांना हे कागदी काम वाटते. ज्याने एकदा प्रयोगशाळेचा कोरा अहवाल हातात धरला आहे, त्याला मात्र त्या नोंदवहीचा अर्थ कळतो. शस्त्रक्रियेच्या वेळीही प्रतिजैविक छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात देतात आणि पुढे ठरावीक मुदतीतच बंद करतात. जास्त दिवस दिले म्हणजे जास्त संरक्षण मिळते, हा समज चुकीचा आहे. जास्त दिवसांनी जंतू मात्र शहाणे होतात.

पहिला महिना सुखरूप गेला तरी एक धोका दूरवर थांबलेला असतो. हृदयाच्या आतील अस्तराला किंवा झडपेला होणारा संसर्ग, ज्याला डॉक्टर एंडोकार्डायटिस म्हणतात. त्याचे जंतू बऱ्याचदा तोंडातून रक्तात शिरतात. किडलेला दात आणि सुजलेली हिरडी हे त्यांचे दार. शिवलेल्या ठिगळावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढायला सुमारे सहा महिने लागतात. तोवर, दाताचे रक्त येण्यासारखे काम करायचे असेल तर आधी प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. कृत्रिम झडप असलेली मुले, ज्यांच्या ठिगळाशेजारी गळती उरली आहे अशी मुले, ज्यांचा निळेपणा दूर झालेला नाही अशी मुले आणि ज्यांना हा संसर्ग एकदा होऊन गेला आहे अशी मुले यांना ही काळजी सहा महिन्यांपुरती नसते, ती पुढेही घ्यावी लागते. आपले मूल कोणत्या गटात येते, हे हृदयरोगतज्ज्ञाकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद दंतवैद्याला आधी दाखवावा.

पण एका मात्रेपेक्षा रोजचे दात घासणे मोठे आहे. जंतू दाताच्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच रक्तात जातात असे नाही. हिरड्या खराब असतील तर रोज चावताना आणि घासतानाही ते जातात. ‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत,’ हे वाक्य अशा मुलाच्या घरात कोणी उच्चारू नये. पहिला दात दिसला की दिवसातून दोनदा स्वच्छता, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणे बंद आणि पेढे-चॉकलेटवर आजी-आजोबांनीच लगाम घालावा.

लसीकरणही विसरू नये. शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या लसी पुन्हा केव्हा सुरू करायच्या, हे विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेत रक्त किंवा रक्तघटक दिले असतील तर गोवरासारख्या जिवंत लसी काही महिने पुढे ढकलाव्या लागतात. फ्लूची लस सहा महिन्यांच्या वयापासून दरवर्षी देता येते. ती घरातल्या मोठ्यांनीही घ्यावी, कारण बाळाभोवतीचे कुंपण मोठ्यांच्या शरीरांचेच असते.

जैन घराला यांतले खरे तर काहीच परके नाही. पाणी गाळून पिणारे, दृष्टीला न दिसणाऱ्या जीवांचे अस्तित्व मानून पाऊल जपून टाकणारे आपले वडीलधारे. मुखावर मुहपत्ती का धरतात, हे आपली मुले पाठशाळेत शिकतात. तिथे सूक्ष्म जीवाला आपल्या श्वासाने इजा होऊ नये हा हेतू असतो. इथे आपल्या श्वासाने एका तान्ह्या जीवाला इजा होऊ नये, एवढाच हेतू. दोन्हीकडे मूळ एकच आहे, आपल्यामुळे दुसऱ्याला पीडा होऊ नये याची सावधानता. या घरातील आजी कित्येक वर्षे चौविहार पाळते. दुसऱ्या वेळी मुलगी घरी आली तेव्हा रात्री दहाचे आणि पहाटे सहाचे औषध होते. कोणी काही विचारण्याआधी आजीच म्हणाली, ‘माझा नियम माझ्यासाठी. पोरीच्या औषधाला सूर्यास्त नसतो.’ त्यानंतर रात्रीच्या औषधाचा गजर तिने स्वतःच्या फोनवर लावून घेतला.

ज्यांना असा खर्च झेपत नाही, अशी कुटुंबे आपल्याच दुकानांत आणि गोदामांत काम करतात. त्यांना योग्य माहिती वेळेवर देणे हेही दानच आहे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांतील जन्मजात व्यंगे आणि आजार शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येणारी त्याची पथके जन्मजात हृदयविकारही शोधतात आणि पुढील उपचारांसाठी मुलाला पाठवतात. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावर विनामूल्य उपचार होतात. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मात्र मदत करणाऱ्याने शस्त्रक्रियेचा खर्च देऊन थांबू नये. ज्या घरात मूल परत जाणार, तिथे साबण, तापमापक, स्वच्छ पाणी आणि तपासणीला येण्या-जाण्याचे भाडे आहे का, हेही पाहावे. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे ही रक्कम क्षुल्लक असते, आणि तिच्याअभावी शस्त्रक्रियेचे फळ हातचे जाऊ शकते.

मुलगी दुसऱ्यांदा घरी आली तेव्हा पावसाळा अर्धा संपला होता. या वेळी फ्लॅटच्या दारावर आजोबांच्या वळणदार अक्षरातला कागद चिकटवलेला होता. ‘बाळाला भेटण्याची वेळ दिवाळीनंतर. गैरसमज नसावा.’ दारात हात धुण्याचा द्रव ठेवला होता. रुग्णालयाचा छापील कागद तिजोरीतून निघून स्वयंपाकघरातील फ्रिजवर लागला होता. पहिल्या पंधरा दिवसांत काही नातलग रुसले. आजोबांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला.

मग पर्युषण आले. संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण करून आजोबा उपाश्रयातून परतले. घरात दरवर्षीची रीत अशी, की लहानांनी मोठ्यांच्या पाया पडून क्षमा मागायची आणि मोठ्यांनी हात जोडायचे. त्या दिवशी सून पुढे येण्याआधी आजोबाच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या होत्या, हात धुतले होते, ते अजून ओलेच होते.

‘मिच्छामि दुक्कडम्, बेटा,’ ते म्हणाले. ‘दरवर्षी म्हणतो तसे नाही. तुला त्या घरात बोलायला जागा नव्हती, आणि ती जागा मीच ठेवली नव्हती.’

सुनेला उत्तर सुचले नाही. तिने नातीला त्यांच्याकडे दिले. एक हात मानेखाली, दुसरा बुडाखाली, असे त्यांनी तिला शिकवल्याप्रमाणे घेतले. चुलत दीर दारातच उभा होता. आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर त्याने आता एक पाटी लावली आहे. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मिळणार नाही, असे तिच्यावर लिहिले आहे. गिऱ्हाईक कुरकुरले तर तो वाद घालत नाही. फक्त म्हणतो, ‘आमच्या घरात एकदा चूक झाली आहे.’

ती मुलगी आता शाळेत जाते. छातीवरचा व्रण फिकट झाला आहे. रात्री दात घासायचा ती कंटाळा करते, तेव्हा आजोबा स्वतःचा ब्रश घेऊन तिच्या शेजारी उभे राहतात.